दहा दिवसांचं बाळ

पोशेऱ्यात गरोदर बायकांमध्ये बसले, की डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट मी सांगतेच. त्यांचं माहेर कल्याणचं, म्हणजे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलंच! जन्म 1865चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तेव्हा योग्य उपचार मिळाले नाहीत, ही सल त्यांच्या मनातून गेली नाही. 1883 साली त्या बोटीने अमेरिकेला निघाल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. प्रबंधही बाळंतपणावरच लिहिला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली, पण क्षयाने त्यांना गाठलं. 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्या गेल्या, अवघ्या एकविसाव्या वर्षी.

त्या काळी मधुमेही बाईचं बाळंतपण म्हणजे दोन्ही जीव टांगणीला. इन्सुलिन सापडलं 1921मध्ये. आज गरोदरपणातली साखर वेळीच कळते. ती वाढलेली राहिली, तर बाळ फाजील मोठं होतं, बाळंतपणात खांदा अडकतो, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते. आहार सांभाळला, गरजेप्रमाणे इन्सुलिन घेतलं, तर हे धोके बरेच टळतात. अशा बाळाला तासाभराच्या आत अंगावर पाजायचं.

आम्ही कष्टकरी, आम्हाला कसली साखर, असं बायका म्हणतात. मी मात्र पिच्छा सोडत नाही. नाव नोंदवताना एकदा आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा तपासणी. उपाशीपोटीच यायला हवं असंही नाही. 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा 140 किंवा वर गेला, तर उपचार सुरू. पाणी फार गोड, मळमळतं, अशी कुरकुर होतेच. मग ते दोन तास मी आनंदीबाईंची गोष्ट लांबवते.