गणिती दामोदर कोसंबी

इतिहासकार म्हणून मराठी वाचकांस सुपरिचित असलेले दामोदर कोसंबी मूलतः गणिती होते. बौद्धविद्यापंडित धर्मानंदांचे हे सुपुत्र ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मले. हार्वर्डची पदवी घेऊन ते १९२९ साली स्वदेशी परतले. पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच, १९४३ साली, त्यांनी गुंतागुंतीचे यादृच्छिक फलन मोजक्या परस्परलंब फलनांत मांडण्याची रीत प्रसिद्ध केली. धातूच्या वस्तूवरून विखुरणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय लहरींचे अवाढव्य गणित संगणकाच्या आटोक्यात आणण्यास आज हीच रीत उपयोगी पडते. परंतु ती रूढ झाली, ती काही वर्षांनी स्वतंत्रपणे तेथे पोहोचलेल्या कारूनेन व लोएव्ह यांच्या नावाने. २९ जून १९६६ रोजी कोसंबी निवर्तले. त्यांचे इतिहासग्रंथ जपणाऱ्या ग्रंथालयांनी त्यांच्या गणिताचेही स्मरण जागे ठेवावे.