आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

मुलांनो, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या दिवशी शाळेत कोणी रामन होतो, कोणी कलाम होतो. तुम्ही सात रस्त्याजवळ राहता ना? मग आपल्याच गावचे डॉक्टर कोटणीस का होत नाही?

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले. पुढे जपानने चीनवर हल्ला केला. तेव्हा, १९३८ साली, भारतातून पाच डॉक्टर चीनच्या मदतीला गेले. त्यांत कोटणीस होते.

तेथे ते चिनी भाषा शिकले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. जखमी येत राहिले. डॉक्टर थांबले नाहीत. त्यांचे चारही सोबती मायदेशी परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले. तेथेच त्यांचे लग्न झाले. त्यांच्या मुलाचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन, असे ठेवले गेले. मूल अगदी तान्हे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, आजाराने ते वारले. त्यांचे वय होते अवघे ३२ वर्षे.

भैय्या चौकातील त्यांचे स्मारक जरूर पाहा. पांढरा डगला घालणे सोपे आहे. तो काढून ठेवल्यावर त्यांचा कोणता गुण तुमच्याजवळ राहील?