हातचा विसरू न देणारा माणूस : एड्सगर डाइक्स्ट्रा



फळ्यावर गुणाकार चालू आहे. सात नव्वे त्रेसष्ट, तीन लिहिले, हातचे सहा. तेवढ्यात दारात शिपाईदादा सूचनेची वही घेऊन उभे. आपण खडू ठेवतो, सूचना वाचतो, सही करतो, पुन्हा फळ्याकडे वळतो. आणि हातचा? तो फळ्यावर लिहिलेलाच नव्हता. डोक्यात होता, तो गेला.

कामरगावात सहावीच्या वर्गावर माझं हे असं झालेलं आहे. उत्तर बरोबर साठने कमी आलं आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीने उभं राहून ते दाखवलं. चूक कुठे झाली हे शोधायला मी तोच गुणाकार पुन्हा सोडवला, तर उत्तर बरोबर! कारण या वेळी शिपाईदादा आले नव्हते. पुन्हा करून बघितली तर सापडत नाही, अशी ही चूक.

संगणकाच्या आत हेच सेकंदाला कितीतरी वेळा घडतं. तिथे हातचा विसरला जाऊ नये म्हणून जन्मभर डोकं लावणाऱ्या माणसाची ही ओळख. नकाशात दोन गावांमधला जवळचा रस्ता काढण्याच्या पद्धतीमुळे त्यांचं नाव इंजिनिअरिंगच्या मुलांना पाठ असतं. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी लिहीत नाही.

जन्म आणि घर

एड्सगर वायबे डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, म्हणजे आपल्यातलेच. आई गणितज्ञ होती, पण तिने कधी नोकरी केली नाही. गणिताचं उत्तर पाच ओळींच्या पुढे जायला लागलं की वाट चुकली समजावं, असं तिने मुलाला शिकवलं होतं. (आपल्या मुलांना आपण काय सांगतो? पायऱ्या जास्त लिही, गुण मिळतात! असो.)

शाळेत असताना त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं काम करावंसं वाटत होतं. पण विज्ञान आणि गणितातले गुण बघून ते लायडन विद्यापीठात गेले आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा एक छोटा उन्हाळी वर्ग होता, तो त्यांनी केला. १९५२ च्या मार्चपासून अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते अर्धवेळ प्रोग्रॅमर म्हणून लागले. त्या देशात या नावाने नोकरीला लागलेले ते पहिलेच.

पालकांनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. तीन वर्षं काम केल्यावर हा मुलगा घाबरला. भौतिकशास्त्र म्हटलं की लोक मान देतात. प्रोग्रॅमिंग हा काय विषय आहे, त्याचं शास्त्र तरी कुठे आहे? त्यांनी आपले वरिष्ठ फान वाइनगार्डन यांच्याकडे मन मोकळं केलं. वरिष्ठांनी शंका उडवून लावली नाही. आज शास्त्र नाही हे मान्य केलं आणि ते घडवणाऱ्यांमध्ये तू का असू नयेस, असा उलट प्रश्न टाकला. डाइक्स्ट्रा त्या दिवशी ठरवूनच बाहेर पडले. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी लग्न करताना नोंदणीत व्यवसाय प्रोग्रॅमर लिहायला गेले, तर असा काही व्यवसायच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी तो नाकारला. शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ लिहावं लागलं.

जवळच्या रस्त्याची ती प्रसिद्ध पद्धत १९५६ ची. खरेदी करून थकल्यावर होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पीत बसले असताना, वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय सुचलेली. ती इथेच सोडू या.

एक्स-वन आणि भीती

त्याच सुमारास लोपस्ट्रा आणि स्कोल्टेन हे त्यांचे सहकारी एक्स-वन नावाचा नवा संगणक आखत होते. जुन्या यंत्रांत एक मोठी अडचण होती. मोजणी करणारा भाग झपाट्याने चाले, पण टाइपरायटर आणि कागदी पट्टी वाचणारं यंत्र फार हळू. त्यांचं काम संपेपर्यंत मोजणारा भाग नुसता थांबून राही. पोस्टमन आला का हे बघायला दर मिनिटाला फाटकापर्यंत जाणाऱ्या माणसासारखं. लोपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी सुचवलं की पोस्टमननेच घंटी वाजवावी. म्हणजे टाइपरायटरचं काम झालं की त्याने खूण द्यावी. मोजणाऱ्या भागाने हातातलं काम तिथल्या तिथे सोडावं, टाइपरायटरला पुढचं काम द्यावं आणि परत येऊन सोडलेलं काम पुढे न्यावं. या खुणेला इंटरप्ट म्हणतात. आपण व्यत्यय म्हणू.

कल्पना चांगलीच होती. पण ती ऐकून डाइक्स्ट्रा धास्तावले, कारण घंटी केव्हा वाजेल हे कोणालाच माहीत नाही. कोणत्याही दोन सूचनांच्या मधे ती वाजू शकते. आज अमुक ठिकाणी वाजली आणि चूक झाली, उद्या दुसऱ्या ठिकाणी वाजली आणि सगळं सुरळीत झालं. मग अशी चूक पकडणार कशी? तोवर प्रोग्रॅम चालवून बघणं, चुकला की तसाच पुन्हा चालवून दोष शोधणं, यावर सगळ्यांची भिस्त होती. तो आधारच जाणार होता. त्यांनी निर्णय लांबवला, टाळाटाळ केली. शेवटी सहकाऱ्यांनी त्यांच्या हुशारीची स्तुती करून करून त्यांना तयार केलं, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं डच लोकांनाही येतं तर!

आता बघा, त्यांनी काय केलं. हाताळणीचा कोड लिहायला घेण्याआधी त्यांनी एकच प्रश्न हाती घेतला. घंटी वाजली त्या क्षणी यंत्रात जे जे होतं ते पूर्ण जपून ठेवता येतं का, आणि परत आल्यावर जणू काही घडलंच नाही असं काम पुढे चालू शकतं का? म्हणजे हातचा कुठे लिहून ठेवलाय का? कागदावर विचार करून त्यांनी दाखवून दिलं की त्या आराखड्यात ते शक्यच नाही. आराखडा ज्या प्रसंगात फसला असता, तसे प्रसंग क्वचितच येणार होते. यंत्र कितीही दिवस तपासलं असतं तरी कदाचित दोष दिसलाच नसता. पण तो होता, आणि सहकाऱ्यांना आराखडा बदलावा लागला. यंत्र तयार होण्याआधीच, नुसत्या तर्काने सापडलेली चूक.

मग त्यांनी एक्स-वनसाठी व्यत्यय हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यावरच त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध झाला, १९५९ मध्ये. १९६० मध्ये याच यंत्रासाठी अल्गोल भाषेचा कंपायलर त्यांनी झोनेवेल्ड यांच्याबरोबर बनवला. तो पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. काम झाल्यावर झोनेवेल्डनी दाढी केली. डाइक्स्ट्रांनी ती ठेवली ती ठेवलीच.

आइंडहोव्हेनचे सहा जण

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हेनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे एक्स-एट हा पुढचा संगणक येणार होता. त्यावर एकाच वेळी अनेकांचे प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था, म्हणजे आजच्या भाषेत ऑपरेटिंग सिस्टिम, त्यांनी उभी केली. माणसं सहा, आणि तीही अर्धा वेळच मोकळी. यंत्राची मुख्य स्मृती फक्त ३२ हजार शब्दांची.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. (सैन्यातला नव्हे!) व्यत्ययाचा कोड या गाभ्यात जिकडेतिकडे पसरला तर काय होतं? शिपाईदादा एकदा वर्गात, एकदा प्रयोगशाळेत, एकदा चालू परीक्षेत, आणि प्रत्येक शिक्षकाने आपापल्या पद्धतीने त्यांना तोंड द्यायचं. कोणीतरी कधीतरी हातचा विसरणारच. डाइक्स्ट्रांनी सगळी व्यवस्था थरांत मांडली. घड्याळाची घंटी फक्त सर्वांत खालच्या थराने ऐकायची आणि आता कोणाची पाळी हे त्यानेच ठरवायचं. त्याच्या वरच्या थराने स्मृती आणि साठवणीचा ड्रम सांभाळायचा, ड्रमकडून येणाऱ्या घंटीसकट. त्याच्या वर चालकाशी बोलणारा थर, मग पट्टी वाचणारी आणि छपाईची यंत्रं, आणि मग वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम. वरच्याला खालची धावपळ दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने आपलं काम सलग चालू असतं.

पण दोघांना एकच वस्तू हवी असेल तर? त्यासाठी त्यांनी सेमाफोर वापरला. हा शब्द रेल्वेतला, हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलचा. आमच्या भागात मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी शकुंतला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एकेरी रूळ म्हणजे काय हे सांगायला नको. रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. ती बाहेर पडेपर्यंत दुसरीने थांबायचं. संगणकात हा सिग्नल म्हणजे साधा आकडा, पण तो बदलताना मधे कोणी घुसू शकत नाही. घुसू शकला असता तर पुन्हा हातच्याचीच गत!

तपासणी खालून वर केली. एक थर पक्का झाल्याशिवाय त्यावर दुसरा चढवला नाही. आधी प्रत्येक पायरी कागदावर पटवून घेतलेली होती, त्यामुळे शेवटी सापडल्या त्या फक्त लिहिण्यातल्या किरकोळ चुका, साधारण ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक दहा मिनिटांच्या आत सापडली. १९६८ च्या मे महिन्यात हे सगळं त्यांनी छापलं. लेख मोजक्या पानांचा आहे, आईची पाच ओळींची शिकवण आठवावी असा.

याचं कौतुक जगभर झालं, घरात नाही. विभागातल्या गणितज्ञांना हे गणित वाटत नव्हतं. गट मोडला. डाइक्स्ट्रा नैराश्यात गेले, उपचार घ्यावे लागले. त्यातून सावरताना, जवळजवळ औषध म्हणूनच, १९६९ मध्ये त्यांनी प्रोग्रॅम नीट रचण्याविषयी टिपणं लिहिली. नुसत्या चाचणीने चूक आहे एवढंच कळतं, ती नाही हे कधीच कळत नाही, हा एक्स-वनच्या वेळी मिळालेला धडा त्यांत सविस्तर आला. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हा धडा जुना झालेला नाही. अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्सचा कर्नल असतो. तिथे व्यत्ययाचं काम दोन भागांत करतात : पहिला भाग नुसती सही करून सुटतो, बाकीचं काम सवडीने होतं. वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी हा कोड बराच काळ वेगवेगळ्या जागी, थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. २००६ च्या २.६.१८ या आवृत्तीत त्यातला सामाईक भाग एका जागी आणला गेला. अशी साफसफाई तिथे आजही चालू असते आणि ती करणारे भीतभीतच हात घालतात. का, ते आता आपल्याला माहीत आहे.

शेवटची वर्षं

१९८४ मध्ये ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शहरात शिकवायला गेले. फळा आणि खडूच वापरत. परीक्षा बरेचदा तोंडी घेत, समोर बसवून. जन्मभर त्यांनी टिपणं लिहिली, बरीचशी फाउंटन पेनने, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि प्रती काढून मित्रांना पाठवल्या. अशी तेराशेच्या वर टिपणं आहेत. विद्यापीठाने ती सगळ्यांना वाचायला खुली ठेवली आहेत. अक्षर इतकं सुंदर की सुलेखनाच्या तासाला दाखवावं.

निवृत्तीनंतर ते नेदरलँड्सला, न्यूनेन गावी परतले आणि तिथेच ६ ऑगस्ट २००२ रोजी कर्करोगाने वारले. एक्स-वनच्या त्या धास्तीची, सहकाऱ्यांनी केलेल्या स्तुतीची आणि फसलेल्या आराखड्याची सगळी हकिकत १३०३ क्रमांकाच्या टिपणात आहे. ते लिहिलं तेव्हा त्यांचं वय सत्तरीचं होतं.