रॉबर्ट कॉख, गाईचा क्षय आणि एक अक्षर

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले.

कॉख यांचा जन्म १८४३ चा, जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावातला. डॉक्टर होऊन ते एका लहान गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी झाले. त्या भागात गुरे-मेंढ्या काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने मरत. घरातच प्रयोगशाळा थाटून त्यांनी १८७६ मध्ये या रोगाचे मूळ एका जंतूत असल्याचे दाखवून दिले. १८८४ मध्ये कोलकात्यात त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूचा छडा लावला. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईतही आले होते. १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

एवढ्या अधिकारी माणसाचाही एक अंदाज मात्र चुकला. गाईचा आणि माणसाचा क्षयजंतू वेगळा, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये दाखवले होते. ते धरून कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितले, की गाईचा क्षय माणसाला क्वचितच होतो, त्यासाठी वेगळ्या उपायांची गरज नाही. ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला. १९११ च्या अंतिम अहवालाने निर्वाळा दिला, की गाईचा क्षय दुधातून माणसाला, विशेषतः लहान मुलांना होतो. कॉख त्याआधीच, १९१० मध्ये निवर्तले होते.

त्या काळी जंतू ओळखायचे ते वाढीवरून आणि प्राण्यांना टोचून. आता जिनोम सिक्वेन्सिंगने जंतूची जनुकीय अक्षरे एकेक करून वाचता येतात. माणसाच्या क्षयजंतूचा जिनोम १९९८ मध्ये आणि गाईच्या जंतूचा २००३ मध्ये वाचून झाला. दोन्हींत ९९.९५ टक्क्यांहून अधिक साम्य निघाले. जंतू वेगळे, हे कॉख यांचे म्हणणे खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला.

थोडासा फरकही महागात पडतो. पायराझिनामाइड हे क्षयाच्या सुरुवातीच्या चार औषधांपैकी एक. जंतूमधलेच एक विकर त्याला कार्यक्षम करते. गाईच्या जंतूत त्या विकराच्या जनुकातले एक अक्षर बदललेले असते, म्हणून तो या औषधाला दाद देत नाही. रुग्ण आणि गाय यांच्याकडील जंतूंची अक्षरे ताडून पाहिली आणि फरक मोजकाच निघाला, तर दोघांच्या संसर्गाचा धागा जवळचा असल्याचे कळते.

नेहमीची क्षयचाचणी मात्र जंतू गाईचा की माणसाचा, हे सांगत नाही. म्हणून मानेला गाठी आल्या किंवा पोटाचा क्षय निघाला, तर घरी गुरे आहेत का, कच्चे दूध पिण्यात येते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. धारोष्ण दुधाचे कौतुक पुरे. दूध उकळूनच प्या.