हक्क सोडणारा राजपुत्र

चीन देशांतील हेनान प्रांतीं, मिंग राजघराण्याच्या एका शाखेंत, सन १५३६ मध्यें चू त्साइ-यू नांवाचा राजपुत्र जन्मास आला. त्याचा पिता मोठा निर्भीड होता. बादशहाची उधळपट्टी व अमर होण्यासाठीं चाललेले विधि ह्यांविषयीं त्यानें बादशहास स्पष्ट बोध केला. बादशहा रुष्ट झाला. पुढें एका आप्तानें आरोप केले, आणि सन १५५० त पित्याची पदवी जाऊन त्याच्या नशिबीं बंदिवास आला. बाप बंदींत असतां आपण वाड्यांत सुखानें राहावें हें मुलास रुचलें नाहीं. तो वाड्याबाहेर मातीच्या घरांत राहूं लागला, आणि गणित, ज्योतिष व गायनशास्त्र ह्यांच्या अभ्यासांत त्यानें दिवस काढिले. सन १५६७ त पिता सुटला, तेव्हांच तो वाड्यांत परत गेला.

गायनशास्त्रांत एक जुनी अडचण होती. तार अर्धी केली म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकांत निघतो; दोन तृतीयांश घेतली म्हणजे पंचम निघतो. पण पंचमावरून पुन्हा पंचम असें बारा वेळां केलें, तर मूळच्या षड्जावर न येतां स्वर किंचित् चढतो. त्यामुळें एका स्वरापासून गाणें गोड लागे, तर दुसऱ्यापासून बेसूर होई.

चू त्साइ-यूनें सन १५८४ त निराळा मार्ग मांडिला. एकास ज्या अंकानें लागोपाठ बारा वेळां गुणिलें असतां बरोबर दोन होतात, तो अंक त्यानें काढिला. तो सुमारें १.०५९४६३ आहे, त्यानें तो पंचवीस अंकांपर्यंत मांडिला. तारेच्या लांबीस दर स्वरास ह्याच अंकानें भागीत जावें. तार १०० असली तर पुढील स्वर ९४.३९ वर, त्यापुढील ८९.०९ वर, आणि वरचा षड्ज बरोबर ५० वर येतो. पंचम मात्र ६६.६७ ऐवजीं ६६.७४ वर येतो. पंचमानें केसभर हक्क सोडिला. गांधारास अधिक सोसावें लागलें, व तयार कानास तो चढा लागतो. पण बाराहि स्वरांचा मेळ बसला.

आपल्या मंदिरांत भजनास जी बाजाची पेटी असते, ती प्रायः ह्याच मापानें लाविलेली असते. म्हणून काळी एक धरा कीं पांढरी चार धरा, भजन सारखेंच वाजतें. युरोपांत हें माप मेर्सेन नामक संन्याशानें सन १६३६ त छापून प्रसिद्ध केलें.

सन १५९१ त पिता वारला व गादी राजपुत्राकडे आली. परंतु ती न्यायानें घराण्याच्या दुसऱ्या शाखेची आहे, असें त्याचें मत होतें. ती सोडण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यानें पंधरा वर्षें अर्ज केले. सन १६०६ त ते मान्य झाले. त्याच वर्षीं त्यानें आपले ग्रंथ बादशहास अर्पण केले. पण दरबारानें त्याचें माप स्वीकारिलें नाहीं. सन १६११ त तो मरण पावला.

प्रिय वाचकहो, ह्या मनुष्यास शुभवर्तमान ठाऊक नव्हतें. तरी पांचव्या आज्ञेंत सांगितलेला पित्याचा मान त्यानें राखिला. नियमशास्त्र न मिळालेल्यांच्या अंतःकरणांतहि देवानें कांहीं लिहून ठेविलें आहे, हें पौलानें रोमकरांस कळविलेंच आहे. आपण तर ख्रिस्ताचे म्हणवितों. आणि शेताच्या बांधावरून किंवा मंडळींतील मानावरून भाऊ भावाशीं बोलत नाहीं. येत्या रविवारीं पेटी वाजूं लागली म्हणजे केसभर सरकलेला तो पंचम आठवावा, आणि ज्याच्याशीं अबोला आहे त्याच्या घरीं आधीं आपण जावें.