शाळेचा नळ आणि कलम १७



आपल्या बॅचमधल्या वकिलांपैकी कुणीतरी स्मरणिकेसाठी लिहावं, असा निरोप आला. कोर्टातले किस्से सांगावेत असं आधी वाटलं. पण शाळेच्या अंकात शाळकरी मुलाचीच गोष्ट शोभेल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. त्या शाळकरी वयात भिवाला वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. झाडलोट करणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं. तहान लागली तर नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही.

हाच मुलगा १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला आणि पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. त्यावर दावा लागला. तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे, असं वादींचं म्हणणं होतं. दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, उच्च न्यायालयाने ते फेटाळलं, कारण ती रूढी वादींना पुराव्याने सिद्ध करता आली नाही. कागदावर मोठा शब्द लिहिला की तो सिद्ध करण्याचं ओझंही आपल्याच डोक्यावर येतं, हे नव्या वकिलांना मी याच खटल्यावरून सांगतो.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटना एकहाती लिहिली गेली नाही. बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांचं श्रेय बाबासाहेबांनी स्वतः घटना समितीत मोकळेपणाने मान्य केलं. पण प्रत्येक कलमावरच्या हरकतींना उभं राहून तोंड देण्याचं काम मुख्यतः त्यांचं होतं.

त्यातलं कलम १७ पाहा. ते जेमतेम तीन पायऱ्यांचं आहे. अस्पृश्यता संपली, हे आधी सांगितलं. मग कुठल्याही रूपात ती पाळायला बंदी घातली. शेवटी तिच्या नावाखाली कुणाची अडवणूक करणं हा गुन्हा ठरवला. घोषणा, मनाई आणि परिणाम, एवढंच. व्याख्या घाला, अशी सूचना आली होती, पण कलम व्याख्येविनाच मंजूर झालं. शब्द मात्र अवतरणचिन्हांत राहिला. पुढे १९५८ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयाने त्या चिन्हांकडे बोट दाखवून म्हटलं, की इथे शब्दशः अर्थ घ्यायचा नाही, या देशात इतिहासात चालत आलेली प्रथाच अभिप्रेत आहे. विरामचिन्हांसाठी आपले गुण कापणाऱ्या बाईंना हे वाचून बरं वाटेल!

आजही कुठला मसुदा लिहून झाला की मी एकच गोष्ट तपासतो: यातून कोण, कुठल्या फटीतून निसटेल? मधल्या सुट्टीत नळावर आपण ढकलाढकली करायचो. तेव्हा आधी कुणी प्यायचं यावरून भांडण व्हायचं, कुणी पिऊच नये यावरून नाही. भिवाला तो नळ स्वतःच्या हाताने सोडता आला नव्हता.