रमाबाईंच्या आजीबाई

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या जुन्या घरांतून पुष्कळदा वाचले गेले आहे. त्यात सिस्टर जेराल्डिन हे नाव आले की वाचकाच्या कपाळाला आठी पडते. हट्टी, करड्या शिस्तीची गोरी संन्यासिनी, एवढीच तिची ओळख. मी मुलींना गाणे शिकविणारा माणूस. मला ह्या बाईंविषयी थोडे निराळे सांगावयाचे आहे.

आमच्या अनगोळ-बेळगावकडे सिस्टर म्हटले की कॉन्व्हेंट शाळेतल्या रोमन कॅथलिक शिक्षिका डोळ्यांपुढे येतात. जेराल्डिनबाई त्या पंथाच्या नव्हत. इंग्लंडमधील वाँटेज गावी विल्यम बटलर ह्या धर्मगुरूंनी १८४८ साली स्थापलेल्या सेंट मेरीच्या भगिनीमंडळातील त्या. मंडळ चर्च ऑफ इंग्लंडचे, परंतु व्रते, वेष, प्रार्थनेच्या वेळा असे सारे वळण कॅथलिक. ह्या भगिनी पुण्याच्या पंचहौद भागातही काम करीत आणि तेथूनच रमाबाईंचा त्यांच्याशी संबंध जुळला.

१८८३ साली रमाबाई वाँटेजला पोहोचल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. रमाबाईंनी भगिनींना मराठी शिकवावी व स्वतः इंग्रजी शिकावी, असे ठरले होते. आनंदीबाईंचा तेथे लवकरच दारुण अंत झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला आणि रमाबाईंच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी जेराल्डिनबाईंवर आली.

आता शिष्या कोण, ते पाहा. वय पंचविशीचे, अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या, पुराणे मुखोद्गत, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती ही पदवी दिली ती. अशा विद्यार्थिनीला नवशिकीप्रमाणे बसवून प्रश्नोत्तरे घोकायला लावावयाची! खटके उडाले नसते तरच नवल. रमाबाई शाकाहारी राहिल्या; अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालेना. बाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हा रमाबाईंचा प्रश्न. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील ह्या विदुषींच्या हाताखाली शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, असा विषय निघाला, तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मुळीच मानली नाही. मनोरमेला काय व कसे शिकवावे, ह्यावरूनही ओढाताण झाली.

माझे वडील दरबारी गवई होते. शिष्याने शिकविलेली जागा सोडून स्वतःची घेतली की ते तंबोरा खाली ठेवीत. शिष्य बेसूर झाला म्हणून नव्हे. सुरात असूनच तो हातचा जातो आहे हे त्यांना कळे म्हणून. जेराल्डिनबाईंचा राग मला ह्याच जातीचा वाटतो. बाईंची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. चूक होतीच, आणि तिच्यात राज्यकर्त्यांच्या जातीचा तोराही होता. पण ज्याला शिष्येची पर्वा नाही, तो इतकी लांबलचक पत्रे लिहीत बसत नाही.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेस निघाल्या. मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ त्यांना गाठावयाचा होता. वाँटेजची शिकवणी तेथे संपली. पुढचे शारदासदन, १८८९, आणि केडगावचे मुक्तिसदन सर्वांस ठाऊक आहे. त्यात वाँटेजचा पंथ नव्हता. शिष्येने आपलाच मार्ग काढला.

तरी पत्रे चालू राहिली. रमाबाई ज्या नावाने बाईंना हाक मारीत ते नाव इंग्रजी नव्हे. आजीबाई, असे अस्सल मराठी. इतके भांडून हे नाते टिकले.

आणि बाईंनी ती पत्रे ठेवली. स्वतःची, रमाबाईंची, बीलबाईंची, बिशपांची. आपल्याला उत्तर देता आले नाही तीसुद्धा. उतारवयात ती एकत्र जुळविली, जागोजाग टिपणे लिहून रमाबाईंच्या अहंकाराची तक्रारही नोंदविली. रमाबाईंची सडेतोड पत्रे मात्र तशीच राहू दिली. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या, रमाबाई १९२२ साली. १९७७ साली अ. भि. शहा ह्यांनी संपादिलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. रमाबाईंच्या स्वतंत्र बाण्याचा पुरावा म्हणून अभ्यासक आज जी पाने उघडतात, ती ह्याच आजीबाईंच्या पेटीतली.